गावच्या डॉक्टरच्या शिक्षणाचे पैसे कोण भरतं?

दरवर्षी मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की बडोद्यातल्या ओळखीच्या घरांतून मला तेच दोन प्रश्न येतात. सरकारी कॉलेज मिळालं तर बॉण्ड, म्हणजे शिकून झाल्यावर ग्रामीण सेवा दिली नाही तर भरायची रक्कम, कितीचा? आणि गोत्रीच्या जीएमईआरएसला, म्हणजे सरकारी सोसायटीच्या मेडिकल कॉलेजला, नंबर लागला तर फी किती? आईवडिलांनी हे विचारायलाच हवं. पण फी आणि बॉण्ड ही एका फार मोठ्या व्यवहाराची आपल्या दारापर्यंत पोचणारी दोन टोकं आहेत. डॉक्टर घडवायला लागणारा पैसा केंद्राने किती द्यायचा, राज्याने किती, विद्यार्थ्याच्या घरच्यांनी किती, आणि त्या बदल्यात खेड्याच्या पदरात काय पडायचं, असा हा सगळा व्यवहार आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत तो पुष्कळ बदलला आणि अजून बदलतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मेडिकलच्या जागा वाढवायला पैसा आला, आणि तो हवाच होता. पण डॉक्टरने खेड्यात शिकावं आणि शिकून झाल्यावर तिथे टिकावं, यासाठी वेगळा पैसा जवळजवळ कुठेच बांधलेला नाही. हे असं का, ते समजायला पैसा कुठून निघतो आणि कुठे थांबतो ते बघावं लागतं.

बडोद्याच्या पूर्वेला छोटा उदेपूर, नर्मदा, पंचमहाल, दाहोद हे जिल्हे. तिथलं अडलेलं बाळंतपण, साप चावलेला माणूस, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या कळांनी तळमळणारं मूल, सगळं शेवटी आपल्या सयाजी हॉस्पिटलात येतं. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर पहाटे थोडा वेळ थांबलं तर कवाट, नसवाडी, देवगड बारिया ही नावं सारखी कानांवर पडतात. बाई आत गेलेली असते. बाहेर सासू आणि दीर, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेले, आणि सासूच्या मुठीत दोन चिठ्ठ्या. पहिली गावाजवळच्या पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची: मोठ्या दवाखान्यात न्या. दुसरी तालुक्याच्या सीएचसीची, म्हणजे त्याहून मोठ्या सामुदायिक आरोग्य केंद्राची: स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत, बडोद्याला न्या. या दोन चिठ्ठ्यांमध्ये कित्येक तास गेलेले असतात.

त्या दुसऱ्या चिठ्ठीकडे नीट बघायला हवं. नियमाने साधारण ३०,००० लोकवस्तीला एक पीएचसी असते, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० ला. तिच्या वर सीएचसी, सपाटीच्या भागात १,२०,००० लोकांमागे आणि आदिवासी भागात ८०,००० मागे एक. सीएचसीत ३० खाटा आणि सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ असावेत अशी अपेक्षा. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार मार्च २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सीएचसींत या विशेषज्ञांची तूट गरजेच्या ७९.५ टक्के होती. म्हणजे पाचांतल्या चार खुर्च्या रिकाम्या. पीएचसीतल्या एमबीबीएस डॉक्टरांची तूट त्या मानाने बरीच कमी आहे. तेव्हा 'खेड्यात डॉक्टर नाहीत' असं आपण सरसकट म्हणतो, पण खरा खड्डा विशेषज्ञांचा आहे. पैशाच्या चर्चेत हा फरक पुढे कामाला येईल.

सीट बांधायला काय लागतं

एक डॉक्टर तयार व्हायला पैसा चार ठिकाणी लागतो. कॉलेज आणि हॉस्पिटल उभं करायला. ते रोज चालवायला. विद्यार्थ्याच्या फी-हॉस्टेलला. आणि शेवटी त्याला प्रत्यक्ष गावात शिकवायला आणि तिथे ठेवायला. या चारही ठिकाणी पैसे देणारा वेगळा असतो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

पहिल्या खर्चात मोठा बदल झाला २०१४ साली. त्याआधी सरकारी मेडिकल कॉलेज काढणं हे मुख्यतः राज्याचं काम आणि राज्याचाच खर्च. २०१४ मध्ये केंद्राने योजना आणली: ज्या जिल्ह्यात सरकारी वा खासगी कुठलंच मेडिकल कॉलेज नाही, तिथल्या जिल्हा रुग्णालयाला जोडून नवं कॉलेज काढा, खर्चाचे ६० टक्के आम्ही देतो, ४० टक्के तुम्ही घाला. ईशान्येकडच्या आणि विशेष दर्जाच्या राज्यांना ९०:१०. मेडिकल कॉलेजचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे पेशंटनी भरलेलं हॉस्पिटल, आणि जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ते आधीच उभं असतं. म्हणून हा रस्ता शहाणपणाचा होता. तीन टप्प्यांत ५८, २४ आणि ७५ अशी १५७ कॉलेजं मंजूर झाली. एका कॉलेजचा खर्च पहिल्या टप्प्यात १८९ कोटी धरला होता, दुसऱ्यात २५० आणि तिसऱ्यात ३२५ कोटी. गुजरातला तिसऱ्या टप्प्यात पाच मिळाली: गोध्रा, राजपीपळा, नवसारी, पोरबंदर आणि मोरबी. त्यांतली पहिली दोन आपल्या अगदी शेजारची. एका कॉलेजचे ३२५ कोटी धरले तर केंद्राचे १९५ आणि गुजरातचे १३०.

आता सप्टेंबर २०२५ चा निर्णय. केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,००० पीजी (विशेषज्ञ घडवणाऱ्या पदव्युत्तर) आणि ५,०२३ एमबीबीएस जागा वाढवायला मंजुरी दिली. जागेमागे खर्चाची कमाल मर्यादा १ कोटी २० लाख होती, ती दीड कोटी केली. एकूण खर्च १५,०३४.५० कोटी, मुदत २०२८-२९ पर्यंत, त्यात केंद्राचे १०,३०३.२० कोटी आणि बाकीचे राज्यांचे. गुजरातसारख्या राज्यात ६०:४० च्या हिशेबाने एका जागेला केंद्राचे ९० लाख, राज्याचे ६० लाख.

बातम्यांत जागांचा आकडा गाजला, पण त्याच्या पोटात एक बदल आहे आणि त्यावर फारसं कुणी बोललं नाही. आधीची योजना दर कॉलेजमागे पैसे देत होती, आणि ते कॉलेज कुठे व्हायचं हे त्या योजनेतच बांधलेलं होतं: जिथे कॉलेज नाही, तिथे. आताची योजना दर जागेमागे पैसे देते, आणि त्या जागा आधीच चालू असलेल्या सरकारी संस्थांत वाढवायच्या आहेत. आधीच चालू असलेल्या, भरपूर प्राध्यापक असलेल्या संस्था कुठे असतात? बहुतेक मोठ्या शहरांत. गोध्राला शंभर जागा होणं आणि अहमदाबादला शंभर जागा वाढणं, कागदावर दोन्हींची बेरीज सारखीच येते. पण पंचमहालच्या माणसासाठी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण मेडिकल कॉलेज आलं की त्याच्यासोबत प्राध्यापक येतात, रेसिडेंट म्हणजे पीजी शिकणारे डॉक्टर येतात, रक्तपेढी चोवीस तास चालायला लागते.

दर जागेमागे पैसे देणं चूक आहे असं मी म्हणत नाही. विशेषज्ञांचा खड्डा भरायचा तर पीजीच्या जागा हव्यातच, आणि पाच हजार हा आकडा लहान नाही. शिवाय प्राध्यापकांशिवाय नवी कॉलेजं काढत सुटणं धोक्याचंच आहे. पण या नव्या पैशाला गावाचा पत्ता चिकटवलेला नाही, तो राज्याला चिकटवावा लागेल.

दुसरा खर्च, रोज कॉलेज चालवण्याचा, जवळपास सगळा राज्याच्या अंगावर आहे. इमारत एकदा बांधून होते, प्राध्यापकांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. दिल्लीहून आलेल्या पैशाने भिंती उभ्या राहतात, त्या भिंतींच्या आत शिकवणारा मात्र राज्याला शोधावा आणि पोसावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी यायला शरीररचनेचा किंवा भूलशास्त्राचा प्राध्यापक सहजी तयार होत नाही, आणि तो नसला तर मान्यतेची तपासणी आली की धावपळ. नव्या कॉलेजांची खरी कसोटी इथे लागते.

सोसायटीचं कॉलेज आणि २०२४ चा उन्हाळा

गुजरातने चालू खर्चाचं ओझं हलकं करायला स्वतःचा एक मार्ग काढला, आणि गोत्रीचं कॉलेज त्याचंच उदाहरण आहे. जीएमईआरएस म्हणजे गुजरात मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च सोसायटी. ती राज्याच्या आरोग्य खात्याखाली चालते, पण नोंदणी सोसायटी म्हणून आहे. १९४९ पासून चालत आलेलं आपलं बडोदा मेडिकल कॉलेज पूर्णपणे सरकारी, तिथली फी वर्षाला काही हजारांत. गोत्रीला हॉस्पिटल सरकारी, नियंत्रण सरकारी, पण कॉलेजच्या खर्चाचा मोठा भाग फीमधून यावा अशी रचना. म्हणून तिथे सरकारी कोटा, मॅनेजमेंट कोटा आणि एनआरआय कोटा असे तीन दर. जास्त फी भरणाऱ्या थोड्या जागांनी बाकीच्यांचा भार उचलायचा, असा त्यामागचा हिशेब.

२०२४ च्या जुलैमध्ये हा हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. सोसायटीच्या १३ कॉलेजांत सरकारी कोट्याची वार्षिक फी ३ लाख ३० हजारांवरून एकदम साडेपाच लाख आणि मॅनेजमेंट कोट्याची ९ लाख ७ हजारांवरून १७ लाख केली गेली. पालक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, विरोधी पक्षांनीच नव्हे तर सत्ताधारी पक्षाच्या जवळच्या विद्यार्थी संघटनेकडूनही आवाज उठला, आणि काही दिवसांतच सरकारने पाऊल मागे घेतलं. फी अनुक्रमे ३ लाख ७५ हजार आणि १२ लाख ठरली.

तिसरा खर्च विद्यार्थ्याच्या घरचा. साडेचार वर्षांचा हिशेब केला तर ३ लाख ७५ हजारांच्या दराने फक्त फीच जवळपास १७ लाख होते, हॉस्टेल आणि पुस्तकं वेगळी. मदतीच्या योजना आहेत आणि त्यांचा फायदा घ्यायलाच हवा. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना मेडिकलच्या फीची निम्मी रक्कम किंवा दोन लाख, यांतली जी कमी असेल ती मिळते. मुलींसाठी मुख्यमंत्री कन्या केळवणी निधी आहे. त्यातून पूर्वी निम्म्या फीपर्यंत मदत मिळे, ती २०२४ मध्ये वाढवून, ठरावीक मर्यादेत, पूर्ण फीपर्यंत नेली. कितीतरी घरांत केवळ या एका निर्णयामुळे मुलीचं मेडिकल शक्य झालं असणार.

फीचा आणि खेड्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध थेट आहे. डोक्यावर वीस लाखांचं कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला नसवाडीच्या सीएचसीत ये म्हणणं अवघड आहे. त्याचा हप्ता सुरू झालेला असतो. ज्या घरांतून गावाकडे परत जायची शक्यता सर्वांत जास्त, म्हणजे खेड्यातली, आदिवासी भागातली, पहिल्या पिढीची मुलं, नेमकी तीच घरं मोठी फी बघून मागे फिरतात. फी वाढवून कॉलेज चालवता येतं, पण मग गावासाठी डॉक्टर मागायचा हक्क तेवढाच कमी होतो.

खासगी हातात दिलेलं सिव्हिल

सरकारी आणि सोसायटीच्या कॉलेजांनंतर तिसरी वाट सरकारी-खासगी भागीदारीची. दाहोदला २०१८ पासून ती प्रत्यक्षात आहे: जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल खासगी संस्थेकडे चालवायला दिलं आणि त्याला जोडून त्यांनी मेडिकल कॉलेज काढलं. पुढे केंद्रानेही याला पैशाची जोड दिली. २०२० च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांना भागीदारीतून मेडिकल कॉलेज जोडण्याची कल्पना मांडली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अशा प्रकल्पांची आर्थिक तूट भरून काढणारी निधी योजना नव्याने आखली. आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रांतल्या प्रायोगिक प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र आणि ४० टक्क्यांपर्यंत राज्य पैसे देऊ शकतं, आणि पहिली पाच वर्षं चालवण्याच्या खर्चातही दोघांचे प्रत्येकी २५ टक्क्यांपर्यंत.

म्हणजे प्रकल्प खासगी म्हणवला जात असला तरी उभारणीतला ८० टक्क्यांपर्यंतचा पैसा लोकांचा असू शकतो. तेव्हा करारात काय लिहिलंय हे लोकांना कळायला हवं. किती खाटा मोफत, किती तपासण्या मोफत, सरकारी दराच्या जागा किती, आणि तिथून शिकून निघालेला डॉक्टर जिल्ह्याला किती वर्षं देणं लागतो. तापी जिल्ह्यात व्याऱ्याचं सरकारी हॉस्पिटल खासगीकडे जाणार म्हटल्यावर २०२३ मध्ये आदिवासींनी मोठा विरोध केला. त्यांना नवं कॉलेज नको होतं असं मला वाटत नाही. आपलं हक्काचं हॉस्पिटल हातातून जाईल ही भीती होती, आणि त्या भीतीला उत्तर द्यायचं तर अख्खा करार लोकांसमोर, गुजरातीत आणि तिथल्या बोलीत, ठेवायला हवा.

बॉण्ड: पैशाच्या बदल्यात सेवा

गुजरातमध्ये सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष ग्रामीण सेवा द्यायची, नाहीतर २० लाख भरायचे. २०१९ पर्यंत ही रक्कम ५ लाख होती. महाराष्ट्रात एक वर्ष किंवा १० लाख. राज्याराज्यांत नियम वेगळे असले तरी बॉण्डची पद्धत कायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात मान्य केलं. सरकार विद्यार्थ्यावर मोठा खर्च करतं, त्या बदल्यात गरजू लोकांसाठी सेवा मागणं गैर नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

रक्कम चौपट केली ती लोकांनी पैसे भरून सुटू नये म्हणून. त्याचा परिणाम मात्र घरागणिक वेगळा होतो. ज्याच्या घरी दवाखाना आहे त्याला २० लाख जड असले तरी अशक्य नाहीत. शिक्षकाच्या किंवा क्लार्कच्या मुलाला दुसरा पर्यायच नसतो. सही करायला आलेल्या एका बाबांना मी स्टॅम्प पेपरवरचं प्रत्येक वाक्य बोटाने वाचताना पाहिलंय. त्यांनी एकच विचारलं, 'मध्येच पीजीला नंबर लागला तर हे वर्ष कधी करायचं?' टेबलामागच्या माणसाला लगेच सांगता आलं नाही. तेव्हा सही करण्याआधी हाच प्रश्न लेखी विचारा. सेवा कधी सुरू धरतात, पीजी झाल्यावर केली तर चालते का, हमीचा जो भाग बँक गॅरंटीने द्यायचा तो परत कधी सुटतो, मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात राहते. नियम प्रवेशाच्या वर्षानुसार लागू होतात, म्हणून मोठ्या भावाच्या वेळचा अनुभव धाकट्याला लागू पडेलच असं नाही.

शिक्षणाच्या बदल्यात सेवा ही कल्पना बडोद्याला नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या राज्याने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार झाला. १९१७ मध्ये ते करार पाळायला आलेही. पण या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत कसाबसा आसरा घेतला, तिथूनही त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं, आणि नोकरी सोडून ते निघून गेले. तो जातीचा अन्याय होता, आणि क्वार्टर नसलेल्या डॉक्टरच्या गैरसोयीशी त्याची बरोबरी करणं मला मान्य नाही. तरी बडोद्याच्या माणसाने एवढं त्यातून घ्यायलाच हवं की शिष्यवृत्ती आणि करार दोन्ही नीट होते, माणूसही शब्दाला जागणारा होता, आणि तरीही राज्याने त्याच्या राहण्याची, मानाने काम करण्याची जबाबदारी घेतली नाही. करारात त्याची बाजू लिहिलेली होती, राज्याची बाजू लिहिलेली नव्हती.

आजचा बॉण्ड असाच एकतर्फी आहे. डॉक्टरने काय द्यायचं ते पैशात लिहिलंय. सरकारने काय द्यायचं, म्हणजे राहायला घर, चालू स्थितीतलं लेबर रूम, सोबत नर्स, वरिष्ठाचा फोन उचलला जाण्याची खात्री, यातलं काही नाही. त्या एका वर्षात बहुतेक मुलं ड्युटी संपली की नीट-पीजीची पुस्तकं उघडतात. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वर्षभरासाठी पाठवलेला एमबीबीएस डॉक्टर, एकटा, सिझेरियन करू शकत नाही. सासूच्या मुठीतली दुसरी चिठ्ठी त्याने लिहिलेली असते, कारण त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो.

गावात शिकण्याचे तीन महिने

चौथ्या खर्चाकडे येते, आणि माझ्या दृष्टीने सगळं इथेच अडलंय.

गावात शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९७७ मध्ये केंद्राने मेडिकल शिक्षण गावाकडे वळवण्याची योजना आणली होती. प्रत्येक कॉलेजने तीन तालुक्यांची आरोग्य-जबाबदारी घ्यायची, फिरते दवाखाने मिळतील, विद्यार्थी त्यातून गावोगाव जातील. गाड्या आल्या, पण त्या वर्षानुवर्षं चालवायचा खर्च आणि शिक्षकांचा उत्साह मागून आला नाही, आणि योजना विरून गेली. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुन्हा काही चांगली पावलं उचलली आहेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं त्यांची तब्येत बघायची. इंटर्नशिपमध्ये सामाजिक वैद्यकशास्त्राचे आठवडे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी: २०२० च्या नियमाने प्रत्येक पीजी विद्यार्थ्याने तिसऱ्या ते पाचव्या सत्राच्या दरम्यान तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं.

या नियमातला पैशाचा भाग असा: विद्यावेतन त्याचं मूळ कॉलेजच देत राहतं. राहण्याजेवण्याची आणि येण्याजाण्याची सोय राज्याने, म्हणजे प्रत्यक्षात जिल्ह्याने बघायची. विद्यावेतनाची तक्रार नाही. गुजरातने २०२५ मध्ये ते २० टक्क्यांनी वाढवलं, इंटर्नचे १८,२०० चे २१,८४० झाले, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला १,००,८०० मिळतात. पण जिल्हा रुग्णालयाला या तीन महिन्यांसाठी मिळणारे वेगळे पैसे कुठे आहेत? तिथल्या विशेषज्ञाने आपलं काम सांभाळून शिकवायचं, त्याला शिकवण्याचा मोबदला कुठे आहे?

माझी भाची बालरोगात एमडी करत असताना आपल्या पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात तीन महिने होती. पहिला आठवडा तिने स्टोअररूमच्या बाजूच्या खोलीत काढला, कडी आतून लागत नव्हती म्हणून दाराला खाट लावून झोपायची. पुढे एका सिस्टरने आपल्या घरात जागा दिली. एवढं होऊनही ती सांगते, 'मावशी, तिथे मी रेफर न करायला शिकले.' सिकलसेलचं मूल कळा घेऊन आलं की सयाजीत चार जण बघायला असतात. तिथे ती एकटी आणि एक अनुभवी सिस्टर. सलाईन किती वेगाने, वेदनाशामक कुठलं, रक्त कधी द्यायचं, आणि मूल स्थिर आहे हे ओळखून त्याला बडोद्याला न पाठवता तिथेच ठेवायचं कधी. बापाची दोन दिवसांची मजुरी आणि जीपचं भाडं त्यामुळे वाचायचं. हे कुठल्याही व्याख्यानात येत नाही. त्या जिल्ह्यात तिला धड खोली आणि एक शिकवणारा वरिष्ठ मिळाला असता तर ती तिथे नोकरीचाही विचार करती, असं ती स्वतः म्हणते.

इतर ठिकाणी हे जमलेलं आहे. आपल्या सेवाग्रामचंच घ्या. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिचा खर्च ठरल्या वाट्यांनी येतो: केंद्र ५० टक्के, महाराष्ट्र सरकार २५ आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी २५. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षीच मुलं गावात मुक्कामाला जातात. पीजीला प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा, अशी संस्थेची अट अनेक वर्षं होती. नीट आल्यावर संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा गेली आणि विद्यार्थी निवडण्याचं तिचं स्वातंत्र्य आटलं, ही मात्र मोठीच किंमत मोजावी लागली. थायलंडने तर बॉण्डच्या पुढे जाऊन १९९४ पासून खेड्यातल्या मुलांना खेड्यांतूनच निवडून, प्रांताच्या रुग्णालयांत शिकवून, परत आपल्याच भागात नेमण्याचा कार्यक्रम चालवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आणि नंतर २०२१ मध्ये सुधारलेल्या शिफारशींतही हेच येतं: ग्रामीण घरांतली मुलं घ्या, शहराबाहेर शिकवा, आणि पगार, घर, मुलांची शाळा, पुढे शिकायची संधी हे सगळं एकत्र द्या. सुटं सुटं दिलं तर उपयोग होत नाही.

म्हणून नव्या पैशाबद्दल माझी एक साधी मागणी आहे. दर जागेमागे दीड कोटीपर्यंत मिळणार आहेत. राज्याने त्यातले पाच टक्के, म्हणजे साडेसात लाख, त्या जागेच्या नावाने एखाद्या ठरलेल्या जिल्हा रुग्णालयासाठी किंवा सीएचसीसाठी बाजूला काढावेत. मूळ योजनेत ते बसत नसेल तर स्वतःच्या अर्थसंकल्पातून तेवढे घालावेत. शंभर जागा वाढल्या तर ते साडेसात कोटी होतात. त्यातून रेसिडेंटसाठी कडी लागणाऱ्या खोल्या होतील, मुलींसाठी वेगळा मजला होईल, शिकवणाऱ्या विशेषज्ञाला मानधन मिळेल आणि ऑपरेशन थिएटरचं बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होईल. राजपीपळा आणि गोध्रा आता स्वतः कॉलेजं आहेत, त्यांच्या आजूबाजूच्या सीएचसी याच कामासाठी आधी घ्याव्यात. गुजरातचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो. आपल्या आमदाराला या एका तरतुदीबद्दल विचारायचं असेल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्यासाठी बरे.